सरड्याचे पिल्लू आजारी पडते तेव्हा

पावसाळा सरत आला की शाळेत काही ना काही जिवंत येऊ लागते. कधी ओंजळीत धरलेला बेडूक, कधी घरट्यातून पडलेले चिमणीचे पिल्लू, कधी खिशात विसरलेली गोगलगाय. भाद्रपद-आश्विनात त्यात सरड्याच्या पिल्लांची भर पडते. पावसाने मऊ झालेल्या मातीत मादी दहा-वीस अंडी पुरते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी ती फुटतात. बोटाएवढी, त्यातही निम्म्याहून अधिक शेपूटच, अशी पिल्ले कुंपणाच्या कडेला, कुंड्यांमागे, विटांच्या ढिगावर दिसू लागतात. त्यातले एखादे गारठलेले, मांजराच्या तावडीतून सुटलेले किंवा पाण्यात पडलेले पिल्लू मुलांच्या हाती लागते. मग ती तळहात पुढे करून बाईंच्या टेबलाशी उभी राहतात : "बाई, हे मेलंय का जित्तं हाय, बघा की."

या प्रश्नापाशी आमची एकदा फजिती झाली. फजिती हा शब्द सौम्यच म्हणायचा, कारण पिल्लू मेले.

आमचे घर सोलापुरात, एका शाळेच्या कुंपणाला लागून आहे. आमचे संशोधन सरड्यांवरचे नव्हे, विकरांवरचे. शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिने. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, आणि एका मर्यादेपलीकडे तापवली की ती बिघडतात. हे दाखवणारे आलेख आम्ही वर्षानुवर्षे काढत आलो आहोत. तरीही तीन दिवसांच्या झडीनंतर पाण्याच्या हौदात सापडलेले ते पिल्लू मुलांनी संध्याकाळी आमच्याकडे आणले, तेव्हा त्या आलेखांतले काहीही आम्हांला आठवले नाही. आम्ही त्याला कापसात गुंडाळले, भोके पाडलेल्या डब्यात ठेवले आणि 'अशक्त जीव आहे' म्हणून ड्रॉपरने साखर घातलेले दूध पाजले. सकाळी ते मेलेले होते. तोंडाच्या कडेला दूध वाळले होते. शाळा सुटल्यावर मुले चौकशीला आली. त्यांतल्या एकाने विचारले, "दूध पाजलं तरी कसं काय मेलं?"

त्या मुलाला त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. नीट उत्तर द्यायचे तर ते असे.

पहिली चूक कापसाची. कापूस, घोंगडी, चादर यांपैकी काहीही उष्णता निर्माण करत नाही. आत असलेली उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच त्यांचे काम. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन तापमापी घ्या. एक टेबलावर उघडी ठेवा आणि दुसरी सोलापुरी चादरीच्या चार घड्यांत गुंडाळा. तासाभराने दोन्ही एकच तापमान दाखवतील. आता गुंडाळलेल्या तापमापीसोबत एखाद्या मुलाचा हात चादरीत घाला. पारा चढू लागेल. चादर मुलाला ऊब देत नाही, मुलाचे शरीर चादरीला देते. सरड्याचे शरीर अशी भट्टी पेटवत नाही. गार सरड्याला कापसात गुंडाळणे म्हणजे त्याचा गारवा जपून ठेवणे. आमचा कापूस तर पिल्लाच्या अंगावरच्या पाण्याने ओला झाला होता, म्हणजे बाष्पीभवनाने ते आणखीच गार होत गेले.

पाठ्यपुस्तकांत सरड्याला 'शीतरक्ती' म्हणण्याचा प्रघात होता, आणि वर्गात अजूनही तो शब्द ऐकू येतो. या शब्दाने आमच्यासारख्यांचा घात केला आहे. एप्रिलातल्या सकाळी अकरा वाजता सोलापुरातल्या कुंपणावर बसलेल्या सरड्याचे रक्त तुमच्या-आमच्या रक्ताएवढेच गरम असू शकते. फरक आहे तो उष्णता कोठून येते यात. आपण ती अन्न जाळून आत तयार करतो, सरडा ती उन्हातून आणि तापलेल्या दगडातून उचलतो. उचलतोही हिशेबाने. सकाळी अंग काळपट करून, चपटे करून, उन्हाला आडवा बसतो. पुरेसा तापला की रंग फिका पडतो, तोंड उन्हाकडे करतो, आणि त्याहून जास्त झाले की सावलीत सरकतो. अमेरिकेतल्या रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊन-सावलीची मोकळीक मिळाली तर हे प्राणी आपले तापमान बऱ्याच अरुंद पट्ट्यात राखतात, हे त्यातून दिसले. तोवर त्यांना हवेच्या तापमानाचे गुलाम समजले जात असे.

म्हणजे सरड्याच्या शरीराचा एक महत्त्वाचा भाग त्याच्या शरीराबाहेर असतो : ऊन, सावली आणि त्या दोहोंमध्ये ये-जा करण्याची मुभा. आपण त्याला डब्यात ठेवतो तेव्हा तो भाग तोडून टाकतो. निरोगी सरडा हे थोडा वेळ सोसतो, आजारी पिल्लू सोसत नाही.

दुसरी चूक दुधाची, आणि ती पहिलीतूनच निघते. दूध हे सस्तन प्राण्यांचे अन्न. सरड्याच्या आतड्याला त्याची ओळखच नाही. पण समजा त्याऐवजी आम्ही उत्तम किडा भरवला असता, तरी काय झाले असते? गारठलेल्या शरीरात पाचक विकरे जवळजवळ थांबलेली असतात. पोटात गेलेले अन्न पचत नाही, तेथेच पडून कुजते. शिवाय अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. पहिले दोन-तीन दिवस तो त्याला पुरतो. भरवण्याची घाई आपल्याला असते, त्याला नसते.

तिसरी चूक ड्रॉपरची. ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे वजनाने ५० मिलिग्रॅम. पिल्लाचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एक थेंब म्हणजे त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाच्या तोंडात एका दमात सहा लिटर पाणी ओतण्यासारखेच हे झाले. त्यातून सरड्याच्या श्वासनलिकेचे तोंड घशात खोल नसते. जिभेच्या मुळाशी, बरेच पुढे असते. जबडा उघडून ओतलेला थेंब सरळ फुफ्फुसात जाण्याची शक्यता मोठी. आमच्या पिल्लाचे बहुधा असेच झाले असावे.

दुसरे पिल्लू आले पुढच्या वर्षी, अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते तेव्हा. मंडपाच्या विटा उचलताना मुलांना ते सापडले. काळे पडलेले, डोळे मिटलेले आणि खोल गेलेले, बरगड्या मोजता येतील अशा. उलटे केले तर सुलटे होत नव्हते. मागचा एक पाय मधूनमधून थरथरत होता. त्या वेळी आम्ही एक गोष्ट शिकून तयार होतो : गारठलेला सरडा मेला की जिवंत, हे ऊब दिल्याशिवाय ठरवू नये.

उपचारांविषयी वाचताना एक गंमत लक्षात आली होती. आपल्या कुंपणावरच्या सरड्याविषयी, म्हणजे कॅलोटेस व्हर्सिकलरविषयी, आजारपणाच्या दृष्टीने फार थोडे लिहिलेले आहे. पण त्याच्याच अ‍ॅगॅमिडी कुळातला ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, ज्याला तिकडे बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, तो जगभर घराघरांत पाळला जातो आणि त्याच्या दुखण्यांवर पशुवैद्यांची पुस्तकेच्या पुस्तके आहेत. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. बाहेर आहेत ते कैदेतच वाढलेल्या पिढ्यांतले. हौसेने आणलेली ही पिल्ले पेटीतला दिवा आणि खाणे चुकल्याने आजारी पडतात, म्हणून वैद्यांना अनुभव भरपूर. आपल्या सरड्याला ते सगळे जसेच्या तसे लागू नाही, पण कुळाचे नाते असल्याने पुष्कळसे लागू आहे.

(कुळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दख्खनच्या माळरानांवर, झाडांऐवजी दगडांवर राहणारे आणि गळ्याखाली पंख्यासारखी रंगीत झालर उघडणारे छोटे सरडे असतात. तेही याच कुळातले. त्यांतल्या काही जातींसाठी आपल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नवी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिले 'सारडा', थेट मराठी शब्दावरून. मुलांना हे जरूर सांगावे. लॅटिन नावांची भीती थोडी कमी होते.)

पिल्लासाठी आम्ही डाळिंबाचे पुठ्ठ्याचे खोके घेतले, तळाला वर्तमानपत्र घातले. वाळू घातली नाही, कारण किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडे तुंबते. तिरपी काटकी लावली, वर तारेची जाळी. खोक्याच्या एका टोकाला, जाळीच्या वर वीतभर अंतरावर, चाळीस वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा टांगला. हा दिवा शोधायला अर्धा दिवस गेला. आता सगळीकडे एलईडी दिवे, आणि एलईडी उजेड देतो पण ऊब जवळजवळ देत नाही. शेवटी कोंबडीपालनाचे सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळाला. कोंबडीच्या पिल्लांचे दुखणेही उबेचेच. दिवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नये, आग लागते. तापवलेला दगड किंवा गरम पाण्याची उघडी बाटली पोटाखाली देऊ नये. सरडा ऊन पाठीवर घ्यायला बनलेला आहे. पोट भाजत असले तरी तो वेळेवर उठत नाही.

खोक्यात दोन तापमापी ठेवल्या. दिव्याखाली ३५ ते ३६ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २७. दुसरे टोक पहिल्याइतकेच महत्त्वाचे. पिल्लाला कोणते तापमान हवे हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्याला ते कळते. आपण फक्त निवड उपलब्ध करून द्यायची. वीज गेली की काय, याचीही तरतूद केली होती : गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या बाहेरून टेकवायची. ती दोनदा वापरावी लागली. पिल्लू एकदम दिव्याखाली न ठेवता आधी मध्यावर ठेवले आणि तासाभरात हळूहळू पुढे नेले. दीड तासाने ते पोटावर उभे राहिले आणि स्वतःच दिव्याखाली सरकले. मुलांनी केलेला आरडाओरडा शाळेच्या ऑफिसपर्यंत गेला.

आजारी सरडा उबेकडे सरकतो यामागे एक सुंदर संशोधन आहे, ते येथे सांगायलाच हवे. मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वाळवंटी इग्वाना जातीच्या सरड्यांना मेलेल्या जिवाणूंचे इंजेक्शन दिले आणि त्यांना गरम व गार असे दोन्ही भाग असलेल्या पेटीत सोडले. ते सरडे नेहमीपेक्षा सुमारे दोन अंश अधिक गरम जागा निवडू लागले. आपल्याला ताप येतो तेव्हा शरीर आत जास्त उष्णता तयार करते आणि साठवते. सरडा ताप चालत जाऊन आणतो. पुढच्या वर्षी त्यांनी जिवंत जिवाणू टोचलेल्या सरड्यांना ३४ ते ४२ अंशांच्या दरम्यान वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवले. आठवड्याअखेर ४२ अंशांत ठेवलेल्यांपैकी बहुसंख्य जिवंत होते, ३४ अंशांतला एकही उरला नव्हता. १९७६ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. जिवाणू टोचलेल्या सरड्यांना ऊन-सावलीची मोकळीक ठेवून सोडियम सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या जातकुळीचे औषध दिले. औषधाने ज्यांचा ताप रोखला गेला ते मेले. औषध घेऊनही ज्यांनी ताप चढवला ते जगले. ताप हा नुसता रोगाचा त्रास नसून शरीराचे शस्त्रही आहे, या जुन्या कल्पनेला मिळालेला हा पहिल्या काही ठोस पुराव्यांपैकी एक. माणसाच्या बाबतीत हिशेब एवढा सरळ नाही, मुलांना तसे सांगू नये. शिवाय ४२ अंश हा वाळवंटी इग्वानाचा आकडा आहे, आपल्या पिल्लाचा नव्हे. पण गार डब्यात ठेवलेल्या आजारी पिल्लाचे आपण नेमके काय हिरावून घेतो, हे या प्रयोगांवरून समजते.

माणसाची औषधे देण्याचा मोह टाळावा, हेही ओघाने आले. ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीत पिल्लाच्या वजनाएवढे औषध असते. सूज, पू, तुटलेले हाड असे काही दिसले तर पशुवैद्याकडेच जावे.

ऊब मिळाल्यावर पाणी. आपला सरडा वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. पिल्लाच्या बाबतीत पाण्याची निकड मोठ्या सरड्याहून अधिक असते, त्याचे कारण भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंमी आणि घनफळ १ घन सेंमी. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १,०००. लहान घनाला आकारमानाच्या मानाने दहापट कातडी आहे. पिल्लू त्यामुळे लवकर तापते, लवकर गारठते आणि लवकर सुकते. खोल गेलेले डोळे, चिमटीत धरल्यावर पूर्ववत न होणारी कातडी ही सुकल्याची लक्षणे. आम्ही सुईच्या टोकावर मावेल एवढा कोमट पाण्याचा थेंब त्याच्या नाकाड्याच्या टोकाला, नाकपुड्या टाळून, लावला. थोड्या वेळाने जीभ बाहेर आली. दर अर्ध्या तासाने एक थेंब, आणि खोक्यातल्या कडुनिंबाच्या डहाळीवर फवारा. एवढेच दोन दिवस केले. अन्न दिले नाही. मुलांना हे पटणे अवघड गेले. एकाने गुपचूप भाताचे शीत आत टाकले होते, ते आम्हांला तिसऱ्या दिवशी वाळलेले सापडले.

पिल्लाचे वजन घरच्या काट्यावर कळत नाही. ओळखीच्या सराफाकडे काडेपेटीत घालून नेले. काट्यावर ४१० मिलिग्रॅम भरले. "नथीतला मोती ह्याच्यापेक्षा जड असतोय की ओ, सर," सराफ म्हणाले, आणि पुढचे तीन आठवडे दर चार दिवसांनी त्यांनी ते बिनतक्रार तोलून दिले. वजन वाढते आहे की घटते आहे हे कळणे ही अर्धी चिकित्सा आहे. डोळ्यांना पिल्लू रोज बरेच वाटते, काटा खोटे बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी वाळवी दिली. नियम असा की किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. वाळवी, केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे, नाकतोड्याची बारीक पिल्ले चालतात. काजवा चालत नाही. अमेरिकेत पाळलेले दाढीवाले सरडे एक-दोन काजवे खाऊन मेल्याची नोंद आहे. तिथल्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. फवारणी झालेल्या मळ्यातले किडेही नकोत. सोलापूरच्या आसपास द्राक्षे आणि डाळिंबे मोप, म्हणजे फवारेही मोप. पिल्लाच्या पायाची थरथर अशा विषाने होऊ शकते आणि कॅल्शियम कमी पडल्यानेही. बाहेरून पाहून फरक सांगता येत नाही.

कॅल्शियमचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडे. रानात ऊन आणि खाण्यातली विविधता यांमुळे जमून जाते. खोक्यात एकाच जातीचे किडे खाऊन पिल्लू आपल्याच हाडांतले कॅल्शियम वापरू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, स्नायू थरथरतात. यावर उपाय म्हणून आम्ही अंड्याचे कवच उकळून, वाळवून, खलबत्त्यात पिठासारखे कुटले आणि वाळवी त्यात घोळवून दिली. एका शिक्षकांनी सुचवले, फळ्याचा खडू काय वाईट? पण शाळेतला खडू बहुतेक वेळा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. दोन्हींवर लिंबाचा रस पिळून पाहा. कवच फसफसेल, असा खडू फसफसणार नाही. पानाचा चुना तर मुळीच नको, तो तोंड भाजतो.

कवचाची पूड पोटात गेली म्हणजे काम झाले असे नाही. आतड्यातून कॅल्शियम शोषले जायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते बनते कातडीत. सूर्यप्रकाशातले सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण कातडीतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्याची कडी तोडतात आणि ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. पूर्वरूपाचे जीवनसत्त्वात रूपांतर मात्र किरणांनी होत नाही, उष्णतेने होते. येथेही पुन्हा ऊब आलीच. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळेच अडवते. काचेआडून आलेल्या उन्हात पिल्लू तापेल, पण त्याच्या कातडीत जीवनसत्त्व बनणार नाही. आमचा चाळीसचा दिवाही त्या बाबतीत निरुपयोगी. म्हणून रोज सकाळी नऊच्या सुमारास खोके व्हरांड्यात, जाळी वर ठेवून, अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत, पंधरा-वीस मिनिटे. खोक्याजवळून कोणीही हलायचे नाही. सोलापूरचे ऊन आश्विनातही बंद डब्यात काही मिनिटांत जीव घेते, आणि काचेच्या बरणीत तर त्याहून लवकर.

सातव्या दिवशी थरथर थांबली. दहाव्या दिवशी त्याने कात टाकली. पातळ, कागदासारखे तुकडे निघाले; मुलांनी ते वहीत चिकटवले. बाराव्या दिवशी काट्यावर ५३० मिलिग्रॅम भरले.

या काळात दोन गोष्टींवर आम्ही हट्टाने कडक राहिलो. पिल्लाला हाताळणारे हात एकाच मुलाचे, आणि ते आधी व नंतर साबणाने धुतलेले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू सुखाने राहतात आणि लहान मुलांना जुलाब-तापाने आजारी पाडतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून दहा सेंटिमीटरहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. मुले ती तोंडात घालत. दुसरी गोष्ट कायद्याची. पिल्लू आल्याच्या दिवशीच वनखात्याच्या कार्यालयाला फोन करून कळवले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा देश आहे आपला. सापडलेला रानातला प्राणी आपला होत नाही. पिल्लू घोरपडीचे असेल तर तिला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेथे घरगुती उपचारांचा प्रश्नच नको, लगेच वनखात्याच्या हवाली करावे. ओळख सोपी आहे : घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली असते, सरड्याची आखूड आणि मांसल.

एवढा खटाटोप एका सरड्यासाठी कशाला, असे आम्हांला विचारले गेले. एका मादीच्या दहा-वीस अंड्यांतून मोठे होऊन वीण करणारे सरासरी दोन सरडे निघाले तरी जातीची संख्या कायम राहते. बाकीची पिल्ले खंड्या, शिक्रा, साप, मांजर यांची. हे पिल्लू वाचल्याने निसर्गात काही फरक पडला, असा आमचा दावा नाही. पण कुंपणावरच्या सरड्याला दगड मारणारी, 'तो लांबूनच रक्त पितो' असे एकमेकांना सांगणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो त्यावरून ही समजूत निघाली असावी. तीच मुले शाळेच्या मधल्या सुट्टीत तापमापी वाचून जात होती. त्या मागच्या वर्षीच्या मुलालाही आम्ही बोलावून घेतले आणि दुधाचे उत्तर दिले. तो म्हणाला, "मग तेव्हा दिवा का नाही लावला, सर?"

विसाव्या दिवशी पिल्लू सोडले. थंडी वाढण्याआधी त्याला बाहेर हिंडून शरीरात चरबी जमवायला वेळ मिळायला हवा होता. जागा तीच, जेथे सापडले तिच्या जवळची. वेळ उन्हाची, म्हणजे सुटताक्षणी त्याला पळता येईल. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो, पण सरड्याच्या दृष्टीने कुंपणात वाईट काय आहे? उंच बसायला खांब, खाली सावली, आत लपायला झुडूप आणि मुबलक किडे. काटकी कुंपणाच्या तारेला टेकवून धरली. पिल्लू हातभर वर गेले, उन्हाला आडवे बसले आणि अंग चपटे केले. सुरुवातीला ते जवळजवळ काळे होते. हळूहळू वाळूसारखे फिके झाले, तोंड उन्हाकडे वळवले आणि मेंदीत शिरले. मुलांनी वहीत वेळ लिहिली : नऊ वाजून चाळीस मिनिटे.